काळ्या गव्हाचें घावन

फ्रान्सच्या पश्चिम टोकास ब्रिटनी नांवाचा प्रांत आहे. तेथें बाजाराच्या दिवशीं चौकांत ‘क्रेप’ची गाडी उभी राहते. ती पुष्कळदां एकाच कुटुंबाची असते: एक जण तव्यापाशीं, दुसरा सारण भरावयास, तिसरा पैसे घ्यावयास.

क्रेप म्हणजे आपल्या घावनाचें भावंडच. गव्हाच्या पिठाचें, दूध-अंडीं घातलेलें गोड क्रेप हें धाकटें. थोरला मान खाऱ्या ‘गालेत’चा. त्याच्या पिठाला फ्रेंच लोक ‘काळा गहूं’ म्हणतात. नांव फसवें आहे. तो गहूं नव्हेच. उत्तर हिंदुस्थानांत उपासाला चालणारा कुट्टू तो हाच. ब्रिटनीच्या हलक्या, आम्ल जमिनींत गहूं नीट पिकत नसे. कुट्टू तीन-चार महिन्यांत हातीं येई. म्हणून गालेत ही गरिबाची भाकरी झाली.

परंतु कणकेचा चिवटपणा ह्या पिठांत मुळींच नाहीं, आणि खरी परीक्षा तेथेंच आहे. पीठ, पाणी व मीठ कालवून कांहीं तास मुरूं देतात. मग ‘बिलिग’ ह्या बिडाच्या बिनकांठी तव्यावर तें ओतून ‘रोझेल’ नांवाच्या लांकडी दांडीनें गोल फिरवीत पसरावयाचें. हात अडखळला कीं फाटलें. जाड राहिलें कीं कच्चें. ही कला पुस्तकानें येत नाहीं, घरांतील वडील माणसाच्या हाताखालींच येते. वर खारें लोणी हवेंच. रेन शहरीं तर भाजलेल्या सॉसेजभोंवतीं थंड गालेत गुंडाळून नुसतें हातांत देतात.

विसाव्या शतकांत ब्रिटनींतील हें पीक फार घटलें. आज फ्रान्समध्यें पुष्कळसा कुट्टू परदेशांतून येतो. तेव्हां पीठ कोठलें, असें एखाद्या गिऱ्हाइकानें गाडीवाल्यास विचारलें, तर तें रास्तच होय.