पावलांची बेरीज



"शेतकऱ्याला कसला आलाय व्यायाम?" असे तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणत असे. पण हिशेब करून पाहा. नांगराचे तास वीतभर, म्हणजे नऊ इंच रुंद धरले, तर एक एकर नांगरताना गडी बैलांमागे 17-18 किलोमीटर चालत असे. आता नांगरट ट्रॅक्टरने होते आणि शिवारात जायला मोटारसायकल असते. निंदणी नि कापूस वेचणीने वाकलेल्या माउल्यांना मात्र हा उपदेश नाही. त्यांना विसावा हवा.

दोन वर्षांपूर्वी माझ्याच रक्तात साखर निघाली. गावोगाव हिंडणारा मी, पण हिंडणे सारे गाडीवर! मुलीने मोबाइलवर पावले मोजण्याची सोय करून दिली. पहिल्या दिवशी आकडा निघाला 1,900. लाज वाटली. मग घरातच शर्यत लागली. रात्री जेवताना आकडे वाचायचे. जिंकेल त्याला पहिली गरम भाकरी. सौभाग्यवतींनी मला कितीदा हरवले, ते सांगत नाही!

पावले मोजण्याची सोय सरकारच्या 'फिट इंडिया' ॲपवरही आहे. ते 29 ऑगस्ट 2021 रोजी सुरू झाले. दहा हजार पावलांचा धसका मात्र घेऊ नका. तो आकडा 1965 साली जपानात निघालेल्या एका मोजणी-यंत्राच्या नावातून आला. 2019 साली अमेरिकेत वयस्क स्त्रियांची पाहणी झाली. रोज सुमारे 4,400 पावले चालणाऱ्यांतही मृत्यूचे प्रमाण कमी दिसले. 7,500 च्या पुढे फारसा फरक दिसला नाही.

थोडी सावधगिरी बाळगा. मोबाइल हिसके मोजतो; हात हलवून आकडा वाढेल, साखर उतरणार नाही. रस्त्याने चालताना पडद्याकडे पाहू नका. अंधारात बॅटरी आणि पायांत जोडे हवेत. साखरेची गोळी चालू असेल तर खिशात गुळाचा खडा ठेवा. छातीत कळ आली तर थांबा आणि लगेच दवाखाना गाठा. खेळाच्या नावाने कोणी पैसे किंवा बँकेचा ओटीपी मागितला तर देऊ नका. एखादा दिवस चुकला म्हणून खेळ मोडू नका.

पैठणहून नाथांची पालखी पंढरीला निघते. दिंडीत थकलेले पाऊलही सोबत्यांमुळे पुढे पडते. मोबाइल फक्त आकडा सांगतो. सोबत आपल्यालाच द्यावी लागते. तेव्हा उद्या सकाळी डेअरीवर दूध घालायला गाडी काढू नका. शेजाऱ्याला हाक मारा आणि चालत जा.