हॅपहॅझर्ड आणि सेदेर

मुलांच्या वहीवर शिक्षकांचा 'हॅपहॅझर्ड' असा शेरा आला की घरात त्याचा अर्थ 'गबाळे' असा घेतला जातो. तो पूर्ण बरोबर नाही. अक्षर सुंदर असेल, वही स्वच्छ असेल, तरी आज धडा तिसरा, उद्या नववा, परवा काहीच नाही, असा अभ्यास हॅपहॅझर्डच. गबाळेपणा वस्तूत दिसतो. हा दोष काम करण्याच्या रीतीत असतो. मराठीत 'विस्कळीत', 'धरसोडीचे' किंवा 'हाताला येईल तसे केलेले' हे शब्द त्याच्या जवळ जातात.

उच्चारात एक चूक हमखास होते. शब्दाच्या मध्ये 'पी' आणि 'एच' शेजारी आहेत म्हणून 'हॅफझर्ड' म्हणू नये. हॅप आणि हॅझर्ड हे दोन वेगळे शब्द आहेत. 'हॅप' म्हणजे नशीब, योगायोग; 'हॅपन' आणि 'हॅपी' त्याच्यापासूनच झाले. 'हॅझर्ड' हे मुळात फाशांच्या एका खेळाचे नाव. तो शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि पुष्कळ कोशकार त्याचे मूळ अरबी 'अझ-झहर', म्हणजे फासा, या शब्दात मानतात. हवल्लीत अरबी रोज कानांवर पडते, तेव्हा मुलांना हे नाते लक्षात ठेवणे सोपे जाईल.

पुरीमच्या कथेत हामानाने 'पुर', म्हणजे चिठ्ठी, टाकून दिवस ठरवला. त्याला मात्र हॅपहॅझर्ड म्हणता येणार नाही. दिवस योगायोगाने निघाला, पण चिठ्ठी टाकायची हे आधी ठरलेले होते. जिथे काहीच ठरलेले नसते, तिथेच हा शब्द लागतो.

याच्या नेमका उलट शब्द आपल्या सणात आहे. 'सेदेर' म्हणजे क्रम. 'सिद्दूर' हे प्रार्थनेच्या पुस्तकाचे नावही त्याच धातूपासून आले. पेसाहच्या रात्री कद्देशपासून निर्त्सापर्यंत 15 पायऱ्या ठरलेल्या आहेत. बेने इस्राएलांसाठी मराठी भाषांतरासह हगादा 1846 साली मुंबईत छापली गेली, आणि 1874 साली पुण्यात सचित्र हगादा निघाली. हिब्रू न समजणाऱ्यालाही त्यामुळे आपल्या भाषेत क्रमाने कथा सांगता आली.

घरची मराठी मात्र आज बहुधा हॅपहॅझर्ड रीतीने पुढे जाते. शाळेत इंग्रजी, बाहेर अरबी, आणि उरलेल्या वेळात कानांवर पडेल तेवढी मराठी. ऐकून बोलणे येते. वाचणे आणि लिहिणे आपोआप येत नाही. आजी-आजोबांचे पत्र नातवाला वाचता यावे, तर त्यालाही सेदेर हवा: शनिवार मावळल्यावर अर्धा तास, एक पान, एक जण वाचणारा आणि एक जण ऐकणारा.

सरावासाठी: 'हॅपहॅझर्ड' हा शब्द ज्यांना लागू पडतो अशी घरातील तीन कामे मराठीत लिहा आणि प्रत्येकाचा क्रम वडीलधाऱ्यांना विचारून ठरवा.