नाव इंटरनॅशनल, परीक्षा कोणाची?

मांडव्याला मोटारी वाहणारी बोट मार्च 2020 पासून सुरू झाली, जानेवारी 2024 मध्ये शिवडी-न्हावाशेवा पूल खुला झाला, आणि मुंबई अलिबागेच्या जवळ आली. मुलाबाळांसह इकडे बिऱ्हाड करू पाहणारा पालक आधी शाळेची चौकशी करतो. पाटीवर 'इंटरनॅशनल' वाचले की त्याचा जीव भांड्यात पडतो!

पण त्या शब्दावरून अभ्यासक्रमाचा बोध होत नाही. अशा नावाची शाळा सीबीएसईचीही असू शकते. तेव्हा प्रथम विचारावे : परीक्षा कोणाची? केंब्रिजची, की 1968 साली जिनिव्हात स्थापन झालेल्या आयबीची? आयबीची मान्यता टप्प्याटप्प्याने, स्वतंत्र मिळते. प्राथमिक वर्गांना ती असली म्हणजे पुढच्या वर्गांना असतेच असे नाही. 'उमेदवार शाळा' म्हणजे तर मान्यता मिळावयाची आहे, एवढेच. मंडळाच्या यादीत शाळेचे नाव स्वतः पाहावे. नाहीतर नारळी-पोफळीची वाडी गहाण टाकून फी भरायची, आणि मुलाला ऐन आठवीत दुसरी शाळा शोधायची!

पैशाविषयी संकोच नको. प्रवेशासाठी देणगी घेण्यास 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने मनाई केली असून दंड देणगीच्या दसपटीपर्यंत आहे. राज्याच्या 2011 च्या कायद्यान्वये खाजगी शाळेची फी पालक-शिक्षकांच्या कार्यकारी समितीपुढे यावी लागते आणि ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षे बंधनकारक असते. त्या समितीत पालक कोण आहेत, हे प्रवेशाआधीच विचारावे आणि त्यांच्यापैकी एकाला गाठून बोलावे.