राखणदार आणि तांडा

भोपाळच्या कोलार रोडवर राहणाऱ्या मराठी कुटुंबांना समुद्र दूरचा आहे. रत्नागिरी किंवा अलिबाग येथील माणसाला भरती-ओहोटीचे जे ज्ञान उपजत असते, ते मध्य प्रदेशाच्या या पठारावर कोठून असणार? तरीही आजच्या विषयाकडे जाणारी एक वाट येथूनच निघते. ज्या कोलार नदीवरील धरणाचे पाणी भोपाळ शहर पिते, ती नदी पुढे नर्मदेला मिळते. आणि दुसऱ्या महायुद्धात या नर्मदेच्या नावाची एक युद्धनौका हिंदी नौदलात होती. 'नर्बदा', 'गोदावरी', 'कावेरी', 'किस्तना', 'जमना' व 'सतलज' या सहाही नौका एकाच जातीच्या होत्या. या जातीचे नाव 'ब्लॅक स्वान'. ज्या ब्रिटिश अधिकाऱ्याने अटलांटिक महासागरात जर्मन पाणबुड्यांना सर्वांत अधिक जेरीस आणले, त्या कॅप्टन फ्रेडरिक जॉन वॉकर याची 'स्टार्लिंग' ही नौकाही याच कुळातली. म्हणून वॉकरची कथा आपल्याला वाटते तितकी परकी नाही.

प्रथम तांडा म्हणजे काय, ते पाहू. ब्रिटन हे बेट. अन्न, तेल, लाकूड, लोखंड, सारे समुद्रावरून यावयाचे. हा मार्ग तोडला की ते उपाशी मरेल, हे जर्मनीने ओळखले होते. यावर उपाय जुनाच होता. बंजाऱ्यांचे तांडे ज्या कारणासाठी एकत्र चालत, त्याच कारणासाठी व्यापारी जहाजे एकत्र काढावयाची. तीस, चाळीस, कधी त्याहूनही अधिक जहाजे रांगा धरून चालत. गती सर्वांत मंद जहाजाची. म्हणजे मंद तांड्यात ताशी सात सागरी मैलांच्या आसपास. सभोवती थोड्या संरक्षक नौका.

इतकी जहाजे एकत्र आणणे म्हणजे शत्रूला आयती शिकार देणे नव्हे काय, अशी शंका साहजिक आहे. परंतु हिशेब उलट आहे. महासागराच्या विस्तारात चाळीस जहाजांचा तांडा हा एकट्या जहाजापेक्षा फारसा मोठा ठिपका नसतो. चाळीस जहाजे सुटी गेली तर शत्रूला ती चाळीस वेळा दिसण्याचा संभव. एकत्र गेली तर एकदाच. शिवाय तांडा दुप्पट केला तरी त्याचा घेर दुप्पट होत नाही, दीडपटीहूनही कमी वाढतो. म्हणजे थोड्याच अधिक राखणदारांत दुप्पट जहाजे सांभाळता येतात. पॅट्रिक ब्लॅकेट या शास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी युद्धकाळात आकडेमोड करून हेच दाखविले, आणि पुढे तांडे मोठे होत गेले.

परंतु राखणदार नसला तर तांड्याचे काय होते? १९४० च्या सप्टेंबरात लिव्हरपूलहून 'सिटी ऑफ बनारस' हे प्रवासी जहाज एका तांड्याबरोबर कॅनडाकडे निघाले. बॉम्बवर्षावापासून दूर पाठविलेली ९० मुले त्यावर होती, आणि जहाजावर राबणाऱ्यांत बहुसंख्य खलाशी हिंदुस्थानी होते. १७ सप्टेंबरच्या पहाटेपूर्वीच संरक्षक नौका आपली हद्द संपली म्हणून दुसऱ्या तांड्याला आणावयास वळल्या. त्याच रात्री जर्मन पाणबुडीच्या पाणतिराने, म्हणजे टॉर्पेडोने, जहाज फुटले. ९० पैकी ७७ मुले गेली. एकंदर मृत सुमारे २५०. त्यांत शंभराच्या वर हिंदी खलाशी होते. बारा क्रमांकाच्या होडीत चाळीसहून अधिक माणसे आठ दिवस तरंगत राहिली व अखेर वाचली. त्यांतही बहुसंख्य हिंदी खलाशीच होते. संरक्षक नौकेची किंमत तिच्या तोफांवरून करू नये. ती निघून गेल्यावर काय घडते, त्यावरून करावी.

आता वॉकरकडे वळू. त्याचा जन्म १८९६ साली प्लिमथ येथे झाला. १९०९ साली, तेराव्या वर्षी, तो नौदलात विद्यार्थी म्हणून शिरला. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात त्याने पाणबुडीविरोधी युद्धाचा विषय निवडला. त्या काळी नौदलात मान होता तो मोठ्या तोफांच्या मोठ्या जहाजांना. पाण्याखालच्या शत्रूचा पिच्छा पुरविणे हे काहीसे दुय्यम काम समजले जाई. वॉकरला कॅप्टनपदाची बढती मिळाली नाही. मागून आलेले पुढे गेले, आणि हा कमांडरच राहिला. युद्ध सुरू झाले नसते तर तो निवृत्त होऊन विस्मृतीत गेला असता. १९४० मध्ये तो डोव्हर येथे अ‍ॅडमिरल रॅम्झेच्या कार्यालयात होता, आणि डंकर्कहून सैन्य परत आणण्याच्या कामात त्याचा हात होता. समुद्रावरचे स्वतंत्र काम त्याला १९४१ च्या शरदात मिळाले : 'स्टोर्क' ही नौका आणि तिच्याबरोबरचा एक लहान संरक्षक गट.

१४ डिसेंबर १९४१ रोजी जिब्राल्टरहून ३२ व्यापारी जहाजांचा तांडा ब्रिटनकडे निघाला. पाणबुड्यांची टोळी वाट पाहत होती, आणि वरून दूर पल्ल्याची जर्मन विमाने तांड्याचा ठावठिकाणा सांगत होती. वॉकरच्या बाजूस एक नवी गोष्ट होती : 'ऑडॅसिटी' नावाचे छोटे विमानवाहू जहाज. पुढचे आठवडाभर दिवसा-रात्री झुंज चालली. एका रात्री 'स्टॅन्ले' ही विनाशिका स्फोटाने उडाली. वॉकरने त्याच पाणबुडीचा माग काढून तिला वर आणले आणि आपल्या नौकेचा नाळ तिच्यावर घालून तिला बुडविले. 'ऑडॅसिटी'ही गेली. परंतु ३२ पैकी ३० व्यापारी जहाजे घरी पोहोचली आणि जर्मनांच्या पाच पाणबुड्या समुद्रतळाशी गेल्या. तोवर पाणबुड्यांची टोळी म्हणजे तांड्याचा काळ, अशी समजूत होती. त्या समजुतीला येथे पहिला मोठा तडा गेला. ज्याला बढती नाकारली गेली होती, तो १९४२ च्या जूनमध्ये कॅप्टन झाला.

वॉकरचे वैशिष्ट्य काय होते, हे समजण्यासाठी पाणबुडी कशी शोधतात ते थोडे पाहिले पाहिजे. संरक्षक नौका पाण्यात ध्वनीचा ठोका सोडते. तो पाणबुडीवर आदळून परत येतो, आणि प्रतिध्वनीस लागलेल्या वेळावरून अंतर कळते. या यंत्रास 'अ‍ॅस्डिक' म्हणत. त्यात दोन उणिवा होत्या. पहिली अशी की, रात्री पाणबुडी पृष्ठभागावरच वावरत असल्यास यंत्राला ती सापडत नसे. आणि पृष्ठभागावर तिची गती ताशी सतरा सागरी मैलांपर्यंत, म्हणजे बहुतेक तांड्यांच्या दुपटीहून अधिक. यावर उतारा पुढे रडारचा निघाला. दुसरी उणीव अधिक चमत्कारिक होती. ध्वनीचा झोत पुढे तिरका जाई. त्यामुळे नौका पाणबुडीच्या अगदी जवळ येताच प्रतिध्वनी हरपे. ऐन घाव घालण्याच्या क्षणी घाव घालणारा बहिरा होई. वरच्या पंख्यांचा आवाज ऐकून पाणबुडीच्या कप्तानालाही कळे की आता पिंपे पडणार. तो झटकन वळण घेई, आणि ठराविक खोलीवर फुटणारी ती स्फोटक पिंपे रिकाम्या पाण्यात फुटत.

वॉकरने या उणिवेवर साधी युक्ती काढली. एका नौकेने सुमारे हजार वारांवर थांबून पाणबुडीचा प्रतिध्वनी धरून ठेवावयाचा. दुसऱ्या नौकेने आपले यंत्र बंद करून, अगदी मंद गतीने, मांजराच्या पावलांनी पाणबुडीच्या माथ्यावर जावयाचे. दिशा पहिली सांगणार, पिंपे दुसरी टाकणार. पाणबुडीला ऐकू येई ती दूरची नौका. माथ्यावर कोण आले याचा तिला पत्ताच नसे. यात शौर्यापेक्षा संयम अधिक लागे, आणि मुख्य म्हणजे पराक्रमाचे श्रेय दुसऱ्याच्या हाती देण्याची तयारी लागे. वॉकर पुष्कळदा स्वतः दूर राहून माग धरी व घाव आपल्या सहकारी नौकांना घालू देई.

१९४३ च्या आरंभी त्याला 'स्टार्लिंग' व तिच्या भगिनी-नौकांचा गट मिळाला. हा गट कोणत्याही एका तांड्याशी बांधलेला नव्हता; जेथे संकट असेल तेथे धावून जाणे हे त्याचे काम. तांड्याच्या नित्य राखणदारांना जागा सोडता येत नसे. पाणबुडी बुडाली किंवा नाही हे पाहत बसण्यास त्यांना सवड नसे. वॉकरच्या गटाला मात्र तासन्‌तास एकाच सावजाच्या मागे राहता येई. त्या वर्षीच्या मे महिन्यात जर्मनांच्या ४१ पाणबुड्या नष्ट झाल्या, आणि त्यांचा सेनापती डोनिट्झ याने २४ मे रोजी उत्तर अटलांटिकमधून आपल्या टोळ्या मागे घेतल्या. हा जय एकट्या कोणाचाही नव्हे. तो रडारचा, विमानांचा, गुप्त संदेश उलगडणाऱ्यांचा आणि शेकडो अनाम राखणदारांचा होता. १९४४ च्या जानेवारी-फेब्रुवारीत वॉकरच्या गटाने एकाच फेरीत सहा पाणबुड्या बुडविल्या. त्यांपैकी शेवटच्या पाणबुडीवरील सर्वच्या सर्व माणसे पाण्यातून जिवंत काढण्यात आली, हेही सांगितले पाहिजे. जर्मन पाणबुड्यांवर गेलेल्या दर चारांपैकी सुमारे तिघे त्या युद्धातून परतले नाहीत. ते शत्रू होते, तशीच तरुण पोरेही होती.

या यशाची किंमत वॉकरने घरातच मोजली. त्याचा मुलगा टिमोथी स्वतः ब्रिटिश पाणबुडीवर होता. १९४३ च्या ऑगस्टमध्ये 'पार्थियन' ही पाणबुडी भूमध्य समुद्रात नाहीशी झाली, आणि तिच्याबरोबर तोही. बाप पाणबुड्यांची शिकार करीत होता, आणि मुलगा पाणबुडीतच गेला. वॉकर कामावरून हलला नाही. नॉर्मंडीच्या स्वारीत खाडीचे तोंड राखून परतल्यावर, ९ जुलै १९४४ रोजी मेंदूतील रक्तवाहिनीच्या विकाराने त्याला मृत्यू आला. वय अवघे अठ्ठेचाळीस. अतिश्रमाने तो झिजला होता, असेच सर्वांनी मानले. लिव्हरपूलजवळच्या समुद्रात त्याला जलसमाधी देण्यात आली, आणि १९९८ साली त्या शहराच्या धक्क्यावर त्याचा पुतळा उभा राहिला.

येथवर राखणदाराची गोष्ट झाली. परंतु ज्याची राखण होत होती, त्या तांड्यावर कोण होते? युद्धाच्या आरंभी ब्रिटिश व्यापारी जहाजांवर सुमारे ५० हजार हिंदी खलाशी होते. म्हणजे एकूण खलाशांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा. मुंबईहून भरती होणाऱ्या जहाजांत डेकवरचे सारंग, टंडेल व खलाशी पुष्कळसे तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातले, त्यातही कोकणी मुसलमान. स्वयंपाकघरात आणि भोजनगृहात गोवेकर. बॉयलरपुढे कोळसा ओढणारे पुष्कळदा पंजाबी व पठाण. पाणतीर लागे तो बहुधा जहाजाच्या पोटात. आणि पोटात काम करणाऱ्याला वर येण्यास वेळ मिळत नसे. पगार मात्र त्याच जहाजावरील गोऱ्या खलाशाच्या मानाने फारच थोडा. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच हिंदी खलाशांनी ब्रिटनच्या बंदरांत संप केले, वेतन वाढवून घेतले, आणि कित्येकांनी त्यासाठी तुरुंगही पाहिला. धोका सारखा असेल तर मोबदला इतका कमी का, हा त्यांचा प्रश्न होता. त्याचे न्याय्य उत्तर त्यांना पुरते मिळाले नाही.

आणि राखणदारांतही आपली माणसे होतीच. हिंदी नौदलाच्या जुन्या भरतीत रत्नागिरीचा वाटा मोठा होता. 'सतलज' व 'जमना' या नौका १९४३ साली सिसिलीच्या स्वारीत संरक्षणासाठी होत्या. ११ फेब्रुवारी १९४४ रोजी 'जमना'ने दोन ऑस्ट्रेलियन नौकांसह बंगालच्या उपसागरात एका जपानी पाणबुडीला बुडविले. १२ ऑगस्ट १९४४ रोजी 'गोदावरी'ने 'फिंडहॉर्न' या ब्रिटिश नौकेसह सेशेल्स बेटांजवळ एका जर्मन पाणबुडीचा नाश केला. फाळणीत 'गोदावरी' व 'नर्बदा' या दोन्ही नौका पाकिस्तानच्या वाट्याला गेल्या आणि त्यांची नावे 'सिंध' व 'झेलम' झाली. नद्यांची नावे पुसली गेली, तशी त्या नौकांवर झिजलेल्यांची आठवणही पुसट झाली.

मुंबईत मशीद बंदरच्या भागात खलाशांच्या वसतिगृहात एक स्मृतिस्थान आहे. दुसऱ्या महायुद्धात समुद्रावर मृत्यू पावलेल्या, अविभक्त हिंदुस्थानच्या नौदलातील सुमारे ४०० आणि व्यापारी जहाजांवरील सुमारे ६ हजार खलाशांची नावे असलेली वही तेथे ठेवलेली आहे. तशीच दुसरी वही बांगलादेशात चट्टग्रामला आहे. नौदलाचा एक मृत, तर व्यापारी जहाजांवरचे पंधरा, असे हे प्रमाण. त्यांची थडगी नाहीत. समुद्र हेच त्यांचे थडगे.

वॉकरच्या नावाचा पुतळा उभा राहिला, आणि तो योग्यच आहे. परंतु राखणदाराचे खरे यश पुतळ्याने मोजता येत नाही, बुडविलेल्या पाणबुड्यांनीही पुरते मोजता येत नाही. ते मोजले जाते न बुडलेल्या जहाजांनी, बंदरात उतरलेल्या गव्हाच्या पोत्यांनी, आणि महिन्याच्या अखेरीस कोकणातल्या एखाद्या घरी पोहोचलेल्या मनीऑर्डरीने. जे घडले नाही, त्याची बातमी होत नाही. ज्यांनी ते घडू दिले नाही, आणि ज्यांच्या वाट्याला तरीही ते आले, त्या दोघांचीही नोंद इतिहासाने एकाच पानावर ठेवली पाहिजे.