पोथीचे रक्षण

पूर्वी पोथीची नक्कल पूर्ण झाली, की अनेक लेखनिक शेवटच्या पानावर वाचकाला एक विनंती करीत : पाणी, अग्नी, चोर आणि उंदीर यांपासून या पोथीचे रक्षण करावे. मान मोडून, डोळे शिणवून लिहिलेली अक्षरे उंदीर एका रात्रीत नाहीशी करतो, हा अनुभव त्या विनंतीमागे होता.

तमिळनाडूतील तंजावरच्या राजवाड्याच्या परिसरात सरस्वती महाल ग्रंथालय आहे. नायक राजांच्या काळात सुरू झालेला हा संग्रह भोसले घराण्यातील दुसरे सरफोजीराजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी वाढवला. १९१८ साली तो लोकांसाठी खुला झाला. संस्कृत, तमिळ व तेलुगू ग्रंथांबरोबर येथे तीन हजारांहून अधिक मराठी हस्तलिखिते आणि मोडी कागदपत्रांचे गठ्ठे आहेत. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत नाटक सादर केले. परंतु त्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधी तंजावरच्या दरबारात मराठी नाटके लिहिली गेली होती. हे आपल्याला कळले, ते येथील हस्तलिखिते टिकली म्हणूनच.

उंदीर कागद का कुरतडतो?

उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात. ते झिजवण्यासाठी त्याला सतत काहीतरी कुरतडावे लागते. शिवाय कागद व कापड यांच्या चिंध्या करून तो पिलांसाठी मऊ घरटे करतो. त्याच्या मूत्राने डाग पडतात आणि पाने एकमेकांना चिकटतात. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या भोकातूनही लहान उंदीर आत शिरू शकतो.

रक्षणाचे उपाय

तंजावरला वेखंड, काळे जिरे, मिरे, लवंग, दालचिनी यांची पूड आणि कापूर कापडी पुरचुंडीत बांधून ग्रंथांजवळ ठेवण्याची परंपरा आहे. ताडपत्रे लवचीक राहावीत म्हणून त्यांना गवती चहाचे तेल लावतात. पुरचुंडीच्या उग्र वासाने कीटक दूर राहतात. मात्र भुकेल्या उंदराला केवळ वासाने रोखता येत नाही. त्यासाठी त्याची वाट अडवावी लागते. भिंतींतील भोके जाळी व सिमेंटने बुजवावीत. कपाटे भिंतीपासून थोडी दूर ठेवावीत. त्या खोलीत खाद्यपदार्थ नेऊ नयेत. विषापेक्षा पिंजरा बरा. कारण विष खाऊन उंदीर सांदीकोपऱ्यात मेला, तर दुर्गंधी सुटते आणि त्यावर वाढणारे किडे ग्रंथांकडे वळतात.

या सर्वांहून महत्त्वाचा उपाय म्हणजे नियमित पाहणी. उंदराला निवांत, अंधारी जागा हवी असते. ज्या दप्तराचे रुमाल वेळोवेळी सोडले जातात, कागद झटकले व वाचले जातात, तेथे त्याला घरटे करता येत नाही. मोडी वाचणारे आज थोडे आहेत. म्हणून न उघडले जाणारे गठ्ठेच अधिक धोक्यात असतात.

हाच नियम घरालाही लागू पडतो. जमिनीचा सातबारा, खरेदीखत, शाळेचा दाखला, आजोबांची पत्रे बहुधा माळ्यावरच्या पेटीत पडून असतात. ती पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या पेटीत ठेवावीत आणि दर पावसाळ्यानंतर उघडून पाहावीत. कुरतडलेल्या ओळी कोणालाच पुन्हा वाचता येत नाहीत.

विचार करा आणि लिहा

१. सुगंधी पुरचुंडी असूनही ग्रंथांची नियमित पाहणी का करावी लागते?
२. आपल्या घरातील जुनी कागदपत्रे कोठे व कशी ठेवली आहेत? त्यांच्या रक्षणासाठी आपण काय कराल?