पाँटून बोटीला मोटर कोणती घ्यावी?

नारायणगडावर दर्शनाला गेलो, तेव्हा माजलगाव धरणावर मासेमारी करणाऱ्या एका दादांनी हाच प्रश्न विचारला. उत्तर सगळ्यांच्याच कामाचं आहे.

ताकद : बोट बनवणाऱ्याने ठरवलेल्या कमाल हॉर्सपॉवरच्या वर जाऊ नका. किती ताकद लागेल हे ठरवताना वजनात माणसं, जाळी, मासे सगळं धरा.

दांडा : मोटर बसते त्या फळीची उंची मोजा. १५ इंचाला आखूड, २० इंचाला लांब दांडा. आखूड पडला तर पंखा हवा ओढतो आणि जोर जातो.

पंखा : पाँटूनला वेगापेक्षा रेटा हवा. मोठ्या व्यासाचा, कमी पिचचा (एका फेऱ्यात कमी पुढे सरकणारा) पंखा घ्या.

इंजिन : फोर-स्ट्रोक. आवाज कमी, पेट्रोलही कमी.

इंजिन बंद करणारी दोरी अंगाला अडकवा, लाइफ जॅकेट घालाच.

काही शंका असल्यास बोटीची लांबी आणि वजन लिहून विचारा.