भुट्टा तोच, वरचं गणित वेगळं!

पावसाची सर थांबली, क्लास सुटला आणि कोपऱ्यावरच्या ठेल्यातून निखाऱ्यांचा वास आला, की पाय आपोआप तिकडेच वळतात ना? पुण्याचे मित्र त्याला कणीस म्हणोत, आपल्या वर्ध्यात तो भुट्टाच.

आता त्याचा मेक्सिकन भाऊ रील्समधून आपल्यापर्यंत पोहोचलाय. नाव एलोते. कणसावर मेयोनीज किंवा आंबटसर क्रीम फासायचं, खारट चीज भुरभुरायचं, मग तिखट आणि लिंबू. दाणे सुटे करून कपात दिले की झालं एस्कितेस. म्हणजे आपला चीज कॉर्न कपच की! तसंही मका आणि मिरची दोन्ही मूळची तिकडचीच. लिंबू मात्र आशियातून तिकडे गेलं.

‘कॉर्न आहे, म्हणजे हेल्दी’ हे मीही मानायचे. मागचं अर्धं सेमिस्टर मेसला दांडी मारून रात्री चीज कॉर्नवर भागवलं, आणि त्याला डाएट म्हटलं! सकाळच्या लेक्चरला डोकं गरगरायला लागलं, तेव्हा कुठे हिशोब मांडायला बसले.

100 ग्रॅम स्वीट कॉर्नच्या दाण्यांत साधारण 90 कॅलरी, 3 ग्रॅम प्रथिनं, 2 ते 3 ग्रॅम तंतू. उत्तम. पण मेयोच्या एका मोठ्या चमच्यातही जवळपास तेवढ्याच कॅलरी, आणि त्या बहुतेक सगळ्या तेलाच्या. दोन चमचे पडले की मका मागे, मेयो पुढे. चीज आणि बटर अजून धरलंच नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. 3 ग्रॅम प्रथिनांवर रात्र निघत नाही. त्यात मक्याच्या प्रथिनात लायसिन कमी असतं. ते डाळी-चण्यात भरपूर मिळतं, म्हणून भुट्ट्यासोबत मूठभर फुटाणे घेतले तर जोडी जमते. चण्यातलं लोह अंगी लागायला लिंबू मदत करतं, ते तर भुट्ट्यावर चोळलेलं असतंच.

गंमत म्हणजे, खाण्यातल्या कसाची चर्चा वर्ध्याला नवी नाही. 1934 साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने इथल्या मगनवाडीतून हातसडीचा तांदूळ, गूळ, घाणीचं तेल यांचा प्रचार केला होता. आपण तिथून चार पावलांवर राहून मेयो मोजतोय!

एलोते खायचंच असेल तर खा, मीही खाणार आहे. फक्त मेयोऐवजी घट्ट दही फासून बघा, वर तिखट आणि दुप्पट लिंबू. आणि ठेल्यावर सांगायचं, “मावशी, मीठ जरा कमी.” मेसचं वरण-पोळी मात्र चुकवू नका, त्याचे पैसे तसेही भरलेले असतात.